कुलूपराव आणि एकशे बारा पानं

पडदा वर जातो तेव्हा समोर एक मोठी खोली दिसते. तीन भिंतींना छतापर्यंत कायद्याची पुस्तकं, पाठींवरची सोनेरी अक्षरं उडत आलेली. मधोमध गलबतासारखं टेबल. खिडकी आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये सात पावलांची मोकळी वाट, आणि तिथला गालिचा इतका झिजलेला की खालची फरशी डोकावते. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन टेबलाच्या कडेवर थांबतं. त्या कडेला, निम्मा उजेडात आणि निम्मा सावलीत, किरकोळ अंगाचा एक माणूस ताठ बसला आहे. मांडीवर वही, हातात पेन्सिल, दुसरी कानामागे. रंगमंचावरची ही जागा अशी, की तिथे कोणी उभं असलं तरी प्रेक्षकाची नजर जात नाही. आज मात्र आपल्याला तिथेच बघायचं आहे.

हा माणूस स्टेनो. देशातल्या एका वरिष्ठ न्यायमूर्तींचा. बावीस वर्षं न्यायमूर्ती बोलले आणि याने लिहिलं. कचेरीतले सगळे त्यांना कुलूपराव म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते चालत असे. निकाल कोणाच्या बाजूने लागणार हे ठाऊक असलेला इमारतीतला हा दुसरा माणूस, म्हणून वकील त्यांना चहा पाजायला धडपडत. कुलूपराव चहा पीत, कप बशीवर पालथा ठेवत आणि म्हणत, "छान होता." ताकास तूर लागू देत नसत.

घरी काय, तर बायको लवकर गेली. मूल नव्हतं. उरली एक धाकटी बहीण, दोन गावं पलीकडे राहणारी, आणि तिची मुलगी. आठवड्यातून एकदा, रविवारी, बहिणीचा फोन यायचा. बोलायची ती, आणि ऐकायचे हे.

"दादा, आहेस ना रे? की झोपलास?"

"आहे."

"एक काम कर. मधूनमधून खोकत जा, म्हणजे मला कळेल."

आणि कुलूपराव खरोखर खोकत. आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब संभाषण ते हेच.

कामाची एक रीत होती. न्यायमूर्तींच्या डोळ्यांवर चष्मा असला तर जे बोलतील ते लिहायचं. चष्मा काढून हातात घेतला की पेन्सिल वर उचलायची, ते बोलणं फक्त खोलीपुरतं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, बावीस वर्षांत आपोआप ठरत गेलं होतं. आणि निकालाचं शेवटचं पान, ज्यावर कोण जिंकलं ते असतं, ते न्यायमूर्ती निकालाच्या दिवशी सकाळीच सांगत. तोवर ते कागदावर यायचंच नाही. "पान नसलं तर फुटणार काय?" असं ते म्हणत.

तर अशा या खोलीत एक दिवस ते कलम आलं.

नेटवर कोणी काही लिहिलं, आणि त्याने कोणालाही मनस्ताप झाला, तर लिहिणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग, असं ते कलम होतं. मनस्ताप म्हणजे काय, किती, कोणाला, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फायली टेबलावर आल्या तेव्हा न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "मनस्ताप! मला तो रोज साडेदहाला सुरू होतो, पहिला वकील उभा राहिला की. म्हणून मी त्याला आत टाकू?"

कुलूपरावांना हसू आलं नाही. ते उभे राहिले. वही खुर्चीवर ठेवली. "साहेब, एक सांगायचं होतं."

न्यायमूर्ती चकितच झाले. हा माणूस आपणहून काही सांगतो म्हणजे काहीतरी आक्रीत.

सांगायचं होतं ते एवढंच. त्यांच्या भाचीवर याच कलमाखाली खटला होता. पोरगी शाळेत शिक्षिका, नोकरी अजून कच्ची. गावात नळाला गढूळ पाणी येत होतं. तिने त्या पाण्याने भरलेल्या ग्लासाचा फोटो काढून टाकला आणि खाली लिहिलं, की नगराध्यक्षांनी हा ग्लास सर्वांसमोर पिऊन दाखवला तर मी उद्यापासून तक्रार करणार नाही. नगराध्यक्षांना पाणी पिण्याऐवजी मनस्ताप झाला.

न्यायमूर्ती खिडकीशी गेले. "तिचा खटला माझ्यापुढे आहे?"

"नाही साहेब. खालच्या कोर्टात. तिकडेच."

"माझ्यापुढे कलम आहे, तुमची भाची नाही. ज्याच्या नात्यातलं कोणीतरी या कलमात अडकलंय त्या प्रत्येकाला मी कचेरीतून बाहेर काढलं, तर टायपिंग मलाच करावं लागेल, आणि माझं टायपिंग तुम्ही पाहिलंय." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आवाज बदलला. "पण आजपासून त्या घरी या खोलीतलं अक्षरही जाता कामा नये."

"नाही जाणार, साहेब."

"दिला शब्द?"

"दिला."

त्यानंतरचे पाच आठवडे कुलूपरावांच्या नोकरीतले सर्वांत सुंदर दिवस होते, आणि तीच तर पंचाईत होती.

न्यायमूर्तींकडे साधा फोन होता, बटणांचा. नेटवर बोलणं कसं पसरतं ते त्यांना वाचून ठाऊक होतं, पाहून नव्हतं. एका सकाळी ते म्हणाले, "तुमच्या फोनवर लिहा. आजचा चहा बेचव होता. आणि बाहेरच्या पट्टेवाल्याला पाठवा."

कुलूपरावांनी लिहिलं, पाठवलं. झालं. जेवणाच्या सुट्टीत दारावर टकटक झाली. उपाहारगृहाचा मालक उभा, लालबुंद. "साहेब, सगळ्या इमारतीत माझ्या चहाची छीथू चाललीय! चौथ्या मजल्यावर म्हणतात दूधच नव्हतं. तळमजल्यावर म्हणतात पाल पडली होती. पाल! माझ्या पंचवीस वर्षांत पाल नाही पडली!"

"तुम्हाला मनस्ताप झाला?" न्यायमूर्तींनी गंभीरपणे विचारलं.

"मग काय आनंद होणार?"

"पोलिसांकडे का गेला नाहीत?"

मालक गोंधळला. "चहासाठी पोलिस कशाला, साहेब? मी म्हटलं, वर जाऊन विचारावं काय चुकलं. उद्या पत्ती बदलतो."

तो गेला. न्यायमूर्ती सात पावलांच्या वाटेवर फिरू लागले, चष्मा हातात. "मी बोललो. तुम्ही लिहिलंत. पट्टेवाल्याने पुढे ढकललं. पाल कोणीतरी तिसऱ्यानेच घातली. गुन्हेगार कोण? आणि बघा, ज्याला लागलं तो वर आला, बोलला, पत्ती बदलणार म्हणाला. या कलमाने तो जिना काढून टाकलाय. लागलं की सरळ तुरुंग." मग थांबले, चष्मा घातला, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, पाल वगळून. कुलूपरावांची पेन्सिल धावत होती. कोणी लिहिलं, कोणी पुढे पाठवलं, कोणी त्यात भर घातली, ही तिघं वेगळी माणसं आहेत, कायद्याने त्यांना वेगवेगळं तोललं पाहिजे. नुसतं लागणं पुरेसं नाही, त्यातून काय घडलं ते दाखवलं पाहिजे. आज हे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. त्या दिवशी ते फक्त दोन माणसांना माहीत होतं आणि त्यातला एक घरी जाऊन भिंतीकडे बघत जेवला.

आणि निकाल? शेवटचं पान कुठे सांगितलं होतं? पण बावीस वर्षं एका माणसाचा आवाज लिहिला की पानाची गरज उरत नाही. न्यायमूर्तींची एक खोड होती. ज्याला हरवायचं, त्याची बाजू ते आधी इतकी नीटनेटकी मांडत की खुद्द त्याच्या वकिलालाही वाटावं, अरे, आपण इतकं छान बोललो होतो? नवव्या दिवशी सरकारची बाजू सांगून झाली. अकरा पानं. एवढी देखणी बाजू सरकारच्या वकिलाने जन्मात मांडली नव्हती. कुलूपरावांनी अकरावं पान उलटलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. कलम जाणार. पोरगी सुटणार.

त्या संध्याकाळी ते दोन थांबे आधी उतरून चालत घरी गेले. वाटेत एका दुकानाच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं, तर ते हसत होतं. त्यांनी ते लगेच आवरलं.

फोन आला तो एका शुक्रवारी, दुपारी, टायपिंगच्या खोलीत.

"दादा, सोमवारी तारीख आहे." बहिणीच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "वकील म्हणतो, गुन्हा कबूल करा, माफीनाम्यावर सही करा, दंड भरा, विषय संपला. नाही केलं तर खटला उभा राहील. शाळेने सांगितलंय, खटला उभा राहिला की घरी बसा. ती म्हणते, मी काय चुकीचं लिहिलं? आणि मी म्हणते, बाई, सही कर. रोज भांडण. घरात कोणी धड जेवत नाही."

कुलूपराव खोकले.

"खोकू नकोस. ऐक. मी तुला वशिला लावायला सांगत नाही. सांगितलंय का कधी?"

"नाही."

"तुझ्या साहेबांपुढे ते कलम आहे ना? पेपरात येतं. मला कारण नको, काही नको. सही करू देऊ की थांबवू? एवढंच सांग."

टेबलावर ती वही उघडी पडली होती. तिच्यातल्या रेघा आणि वळणं जगात दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हती. कुलूपराव असल्या प्रश्नांना नेहमी एकच उत्तर देत, "सांगता येत नाही." ते वकिलांना पुरत असे. पण ही बहीण होती. ती पाळण्यात होती तेव्हापासून त्यांचा आवाज ओळखत होती. "सांगता येत नाही" म्हणताना आवाज जरा हलका झाला, तर तेवढ्यावरून तिला सगळं कळलं असतं. आपलाच आवाज आपल्याला दगा देईल याची त्यांना धास्ती वाटली. म्हणून त्यांनी आडोशाला एक पक्कं वाक्य शोधलं. निदान कागदावर तरी त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"मला माहीत नाही. शेवटचं पान अजून सांगितलेलं नाही."

"खरंच माहीत नाही?"

"पान सांगितलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "बरं दादा. जेवलास का?"

"हो."

तेही खोटं होतं. पण त्याने कोणाचं काही बिघडलं नाही.

सोमवारी भाचीने सही केली. सोळा दिवसांनी, सकाळी आठ वाजता, न्यायमूर्तींनी चष्मा लावून शेवटचं पान सांगितलं. कुलूपरावांनी ते एकही चूक न करता टाइप केलं. अकराला कोर्ट खच्चून भरलं. न्यायमूर्ती वाचत होते आणि त्यांच्या पायाशी, उंच मंचाखाली, कुलूपराव प्रत्येक ओळीच्या एक ओळ पुढे होते, पडद्याआड उभं राहून नटाला वाक्यं पुरवणाऱ्या माणसासारखे. कलम रद्द. या कलमाखाली चालू असलेले सगळे खटले रद्द. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चोपदाराने त्यांना गप्प केलं, त्यांनी पुन्हा वाजवल्या.

चालू असलेले खटले. ज्यांनी कबुली दिली होती त्यांचे चालू नव्हते, संपलेले होते.

संध्याकाळी फोन वाजला. कुलूपराव उचलताना उभे राहिले, जसे न्यायमूर्ती आत आल्यावर राहत.

"दादा, पानं किती होती रे निकालाची?"

"एकशे बारा."

"आणि तुला एकच माहीत नव्हतं."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू नेहमी म्हणतोस सांगता येत नाही. तसं म्हणाला असतास ना, तर मी थांबवलं असतं तिला. म्हटलं असतं, सांगण्यासारखं काहीतरी आहे. तू 'माहीत नाही' म्हणालास. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून मी तिच्या हातात पेन दिलं. मी दिलं, दादा." ती रडत नव्हती. तेच वाईट होतं. "ठेवते."

ठेवला तो ठेवलाच. त्या आठवड्यानंतर रविवारी फोन वाजला नाही. कुलूपराव फोनसमोर बसून कधीकधी उगाच खोकत.

न्यायमूर्ती मोठे होत गेले. पुढच्या वर्षांत त्यांनी सांगितलं, की एखाद्याचं लिखाण नेटवरून काढायचं तर आधी लिहिणाऱ्याला विचारा, त्याला न ऐकता पुसू नका. मग सांगितलं, की पोलिसांनी फोन जप्त केला तर आत काय शोधायचं ते आधी कागदावर लिहून द्यावं, माणसाचं सगळं आयुष्य उचकायचं नाही. परदेशातली कोर्टं त्यांचे उतारे देऊ लागली. हे सगळं त्याच सात पावलांच्या वाटेवर घडलं, त्याच पेन्सिलीखालून गेलं. पेपरात लेख येत. त्यात पेन्सिलीचा उल्लेख कशाला असेल?

कबुली देऊन बसलेल्या लोकांचाही एक अर्ज पुढे आला, आमचंही पुसा म्हणून. पण तोवर न्यायमूर्ती निवृत्त झाले होते. दुसऱ्या खंडपीठाने तो चार ओळींत निकाली काढला. संपलेलं ते संपलेलं.

निवृत्तीच्या दिवशी न्यायमूर्तींनी भाषणात सांगितलं, "माझ्या स्टेनोने मला बावीस... नाही, आता सत्तावीस वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या बायकोला हे जमलं नाही." सगळे हसले. कुलूपराव त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेले. मनात ठरवलं होतं, आज सांगायचं. न्यायमूर्तींनी दार उघडलं, थांबले, चष्मा काढला.

"तुमची ती भाची. ग्लासवाली. सुटली असेल ना तेव्हाच?"

"संपलं ते, साहेब."

"छान झालं," म्हातारा मनापासून म्हणाला. "निकाल वाचताना मला तिची आठवण झाली होती." आणि समाधानाने मोटारीत बसला. त्याचं ते समाधान मोडायला कुलूपरावांचा हात धजला नाही. गाडी फाटकाबाहेर वळली तरी ते तिथेच उभे होते. पट्टेवाल्याने येऊन विचारलं, "काही राहिलंय का, कुलूपराव?"

"नाही," ते म्हणाले. "छान होता."

पट्टेवाल्याला काही कळलं नाही. कुलूपरावांनाही आपण असं का म्हणालो ते कळलं नसावं.

मग निवृत्ती. शिंप्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. सकाळी उठायचं, दाढी करायची, ताठ बसायचं. मशीनचा आवाज खालून यायचा, तेवढीच सोबत. दुपारी ते फोनवर लोकांचं लिहिलेलं वाचत. कोणी खड्ड्यांवर चिडलेलं, कोणी मंत्र्याची नक्कल केलेली, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर सात परिच्छेद लिहिलेले. कोणालाही तुरुंगाची भीती नाही. कुलूपराव एखाद्या भांडणाच्या तळापर्यंत जात आणि स्वतःशी मान हलवत. एवढी सगळी बडबड मोकळी झाली ती आपल्या मांडीवरून. स्वतः मात्र त्यांनी कधी एक ओळ टाकली नाही. एकदा लिहिली होती. शिंप्याच्या मुलीचं नाटकातलं छायाचित्र होतं, खाली त्यांनी लिहिलं, "शाब्बास." बराच वेळ त्याकडे बघितलं आणि पुसून टाकलं.

निकालाला दहा वर्षं झाली त्या साली ते जिन्यात पडले. शिंप्याने इस्पितळात नेलं. फोनमध्ये चार नंबर होते: न्यायमूर्ती, जे आता नव्हते, पेन्शनची कचेरी, बहीण, भाची. शिंप्याने बहिणीला लावला. आली ती भाची.

ती पस्तिशीची झाली होती, केसांत एखादी पांढरी बट. शिक्षेची नोंद झाल्यावर शाळेतली नोकरी सुटलीच होती. घरी शिकवणी घ्यायची. सरकारी नोकरीचा प्रत्येक अर्ज विचारतो, आपल्याला कधी शिक्षा झाली आहे का, आणि तिथे तिला "हो" लिहावं लागतं. ती "हो" लिहायची, आणि अर्ज परत यायचा. हे तिनेच सांगितलं, मोसंबी सोलता सोलता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

छातीत पाणी झालं होतं. दुपारी घशात नळी घालायची असं डॉक्टर म्हणाले होते. ती घातली, आणि मग कुलूपराव पुन्हा बोलले नाहीत. चौथ्या दिवशी गेले. तेव्हा पुढचं जे आहे ते त्या सकाळचं, आणि ते भाचीनेच सांगितलेलं.

"मामा, तुम्ही बोलू नका. नर्स ओरडते."

"आई नाही आली?"

"येईल." तिने फोड त्यांच्या ओठांशी धरली. "तिचे गुडघे दुखतात."

"गुडघे दुखत नाहीत तिचे."

भाची हसली. "नाही. अजिबात नाहीत. काल दोन जिने चढून भांडायला गेली होती कोणाशी तरी."

कुलूपरावांनी फोड खाल्ली नाही. हात वर केला, पेन्सिल उचलावी तसा. "मला माहीत होतं."

"काय?"

"कलम जाणार ते. नवव्या दिवसापासून. तिने विचारलं तेव्हा मला माहीत होतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. भाचीने मोसंबीची साल कागदात गुंडाळली, पुन्हा उलगडली.

"मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "तो पाळायला हवा होता. पण नुसतं गप्पही बसता आलं असतं. मी गप्प बसलो नाही. मी तुझ्या आईला फसवलं."

"मला वाटायचंच," ती अखेर म्हणाली. "आई म्हणायची, त्याला माहीत असणारच. आणि दुसऱ्या क्षणी म्हणायची, नाही, दादा खोटं बोलणार नाही. दहा वर्षं, मामा. एक दिवस तुमच्या बाजूने, एक दिवस तुमच्या विरुद्ध. तिचं तिलाच ठरवता येत नाही. म्हणून येत नाही ती. तुमच्यावरच्या रागाने नाही, हो. तिने मला सही करायला लावली ती तुम्ही फसवलंत म्हणून की तिच्याच मूर्खपणाने, एवढंच तिला कळत नाही."

कुलूपरावांनी डोळे मिटले. तिला वाटलं झोप लागली. नर्स दारात येऊन घड्याळ दाखवून गेली.

"मामा," भाची वाकून हळूच म्हणाली, "हे आईला सांगू?"

त्यांनी डोळे उघडले. श्वास गोळा करायला थोडा वेळ लागला.

"सांग. आणि मी सांगितलं असं सांग."